मन एका वेळीं किती ठिकाणीं असतें?

मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. ह्या मार्गावरील हातकणंगले स्टेशनावर उतरून उसाच्या फडांमधून कांहीं मैल गेलें म्हणजे कुंभोजचा डोंगर लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचें जन्मगांव म्हणून कुंभोज महाराष्ट्राला ठाऊक आहे. डोंगर मात्र 'बाहुबली' ह्या नांवानेंच ओळखला जातो. तेथें मुनि समंतभद्र महाराजांनीं उभारलेला दिगंबर जैनांचा ब्रह्मचर्याश्रम आहे, त्याच डोंगरावर श्वेतांबरांचें पार्श्वनाथाचें मंदिर आहे, आणि १९६३ सालीं स्थापिलेली, शुभ्र संगमरवरांतील, २८ फूट उंचीची बाहुबलीची उभी मूर्ति आहे. श्रवणबेळगोळच्या दहाव्या शतकांतील ५७ फुटी मूर्तीपुढें ही लहान व वयानें कोवळी. परंतु घडणीचा संकेत तोच.

तो संकेत नीट पाहण्याजोगा आहे. बाहुबलीच्या पायांवरून, मांड्यांवरून, थेट दंडापर्यंत वेली चढत गेलेल्या असतात. मूर्तिकाराला ध्यान दाखवावयाचें होतें. परंतु ध्यान ही कांहीं डोळ्यांना दिसणारी वस्तु नव्हे. तेव्हां ध्यानाच्या बाहेर काय काय राहिलें, तें त्यानें दाखविलें. वर्षभर वेल चढत राहिली, पायांशीं वारुळें उठलीं, त्यांतून साप फिरले, आणि ज्याच्या देहावर हें सारें घडलें त्याला त्याची वार्ता नाहीं. पाय त्याचेच होते, त्वचा त्याचीच होती, वेलीचा स्पर्श त्वचेला झाला नाहीं असेंही कोणी म्हणणार नाहीं. मग जाणीव कां झाली नाहीं? भक्ताला हा प्रश्न पडत नाहीं. तो हात जोडून पुढें जातो. ज्या परंपरेनें ही मूर्ति घडविली तिच्या पंडितांना मात्र तो पडला होता, आणि त्याच्या पायीं त्यांनीं शेंकडों वर्षें वाद घातला.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटूं नये, कारण त्याची भाषाच तो रोज विचारीत असते. 'लक्ष्य' म्हणजे बाणाचें निशाण. त्याच कुळांतलें 'लक्ष' आपण देतों, तें उडतें, तें वेधलें जातें आणि पुष्कळदां लागतच नाहीं. 'ध्यान' हा योग्यांचा शब्द तर स्वयंपाकघरांत येऊन बसला आहे. चुलीवर दूध ऊतूं गेलें म्हणजे घरची बाई 'ध्यानांतच राहिलें नाहीं' असें सहज म्हणून जाते. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेचें निरूपण केलें, तेव्हां नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांपाशीं त्यांनीं मागितलें तें अवधानच. मन दुसरीकडे असलें म्हणजे माणूस पाहूनही पाहत नाहीं व ऐकूनही ऐकत नाहीं, हा अनुभव बृहदारण्यक उपनिषदांतही नमूद आहे.

जैन आचार्यांनीं ह्या घरगुती अनुभवाला शास्त्राचें रूप दिलें. उमास्वातींचें तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दिगंबर व श्वेतांबर ह्या दोन्ही पंथांना मान्य आहे. त्यांत जीवाचें लक्षण एका शब्दांत सांगितलें आहे: उपयोग. मराठींत उपयोग म्हणजे वापर, आणि शास्त्रांतला अर्थ त्यापासून फार दूर नाहीं. जाणण्याची जी शक्ति जीवापाशीं असते ती लब्धि. ती शक्ति एखाद्या विषयाकडे वळून प्रत्यक्ष कामास लागते, तो उपयोग. पेढीवर रक्कम जमा असणें निराळें आणि ती बाजारांत मोजली जाणें निराळें. डोळा शाबूत आहे, उजेड आहे, वस्तु समोर आहे, तरीही उपयोग तिकडे नसेल तर ती वस्तु जाणिवेंत उतरत नाहीं. अमेरिकेंत सायमन्स व शाब्री ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं खेळाडू एकमेकांकडे चेंडू फेंकीत आहेत अशी चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना ते फेंक मोजावयास सांगितले होते. मध्येंच गोरिल्ल्याचें सोंग घेतलेली एक व्यक्ति खेळाडूंमधून चालत आली, थांबली, छाती बडवून निघून गेली. सुमारें निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाहीं. त्यांचे डोळे उघडे होते. उपयोग चेंडूवर होता. लब्धि आणि उपयोग ह्यांतला भेद ह्याहून स्पष्ट करणारें उदाहरण जुन्या टीकाकारांनाही मिळालें नसतें.

तथापि टीकाकारांचीं उदाहरणें कांहीं कमी रसाळ नाहींत. जाणीव एकदम पेटत नाहीं, ती पायरीपायरीनें येते, हें सांगण्यासाठीं नंदिसूत्रांत दोन दृष्टान्त आहेत. गाढ झोंपलेल्या माणसाला हांका मारल्या म्हणजे पहिल्या कांहीं हांका वायां जातात आणि मग एका हांकेला तो ओ देतो. पहिल्या हांका कानांत शिरल्याच नव्हत्या काय? दुसरा दृष्टान्त कुंभाराच्या आव्यांतून नुकत्याच काढलेल्या परळाचा. त्यांत पाण्याचा पहिला थेंब टाकला तर तो शोषून जातो, दुसरा जातो, तिसरा जातो. असे थेंब पडत राहिले म्हणजे केव्हां तरी परळ ओलें होतें आणि पाणी त्यांत ठरूं लागतें. जो थेंब ठरला त्याचें श्रेय त्या एकट्याचें नाहीं. इंद्रियावर विषयाचा आघात होत राहतो व तरीही जाणीव झालेली नसते, अशा ह्या पूर्वावस्थेला त्यांनीं व्यंजनावग्रह हें नांव दिलें. युरोपांत लायब्निट्स ह्या तत्त्वज्ञानें समुद्राच्या गर्जनेचें उदाहरण घेऊन, एकेका लाटेचा न जाणवणारा ध्वनि मिळूनच ती गर्जना होते, असें प्रतिपादिलें. परंतु परळाचा दृष्टान्त अधिक नेमका आहे, कारण त्यांत काळाचा हिशेब आहे.

त्यापुढच्या पायऱ्या पूज्यपाद आचार्यांनीं तत्त्वार्थसूत्रावरील आपल्या सर्वार्थसिद्धि ह्या टीकेंत एका चित्रानें समजाविल्या आहेत. दूर कांहीं तरी पांढरें दिसतें, हा अवग्रह. ती बगळी असेल कीं पताका, अशी जिज्ञासा होते, ही ईहा. तें वर उठतें, खालीं येतें, पंख हलवितें, म्हणून बगळीच असा निर्णय होतो, हा अवाय. पुढें केव्हां तरी तीच बगळी पुन्हां पाहून, सकाळीं पाहिली ती हीच, असें ओळखतां येतें, ही धारणा. पाहणें ही एक क्रिया नसून क्रियांची मालिका आहे, आणि त्या मालिकेंत कोठेंही उपयोग दुसरीकडे वळला तर बगळी पांढऱ्या ठिपक्याच्या पुढें जात नाहीं.

येथवर सर्वांचें एकमत होतें. वाद पेटला तो पुढच्या प्रश्नावर: हा उपयोग एका क्षणीं एकाच विषयावर असतो कीं दोन विषयांवर असूं शकतो? ह्या प्रश्नापायीं एका साधूला संघ सोडावा लागला. ती कथा श्वेतांबर परंपरेंतील आहे. महावीरांच्या शिकवणुकीपासून फारकत घेणारे सात 'निह्नव' त्या परंपरेनें नोंदले आहेत. त्यांतील पांचवा गंग. निर्वाणानंतर २२८ वर्षांनीं ही घटना घडल्याचें परंपरा सांगते. उल्लुका नदीच्या एका तीरावर गंग राहत असे व पलीकडच्या तीरावर त्याचे गुरु धनगुप्त. शरद् ऋतूंत एके दिवशीं गुरूंच्या दर्शनासाठीं गंग नदींत उतरला. पायांना पाण्याचा गारवा झोंबत होता, आणि डोक्यावर केंस नसल्यामुळें वरून ऊन चटके देत होतें. आश्विनांतल्या उन्हांत पंचगंगा पायीं उतरून गेलेल्या कोणालाही ही स्थिति परिचयाची वाटेल. गंगाच्या मनांत आलें: शास्त्र सांगतें कीं एका वेळीं एकच अनुभव होतो; येथें तर थंडी व उष्णता ह्या दोन्ही एकाच क्षणीं अनुभवास येत आहेत. शास्त्र तरी चुकलें असलें पाहिजे.

पैलतीरीं जाऊन त्यानें हें गुरूंना सांगितलें. गुरूंचें उत्तर जिनभद्र गणींच्या विशेषावश्यकभाष्यांत विस्तारानें आलें आहे. हा ग्रंथ इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतला. उत्तराचा आशय असा कीं, काळ अत्यंत सूक्ष्म आहे आणि मन अत्यंत चपळ. तें पायांकडून डोक्याकडे व डोक्याकडून पायांकडे इतक्या वेगानें जातें कीं मधला क्रम ध्यानांत येत नाहीं. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुईनें भोंसकल्या तर सर्व एकदम भोंसकल्या गेल्या असें वाटतें. परंतु वरची भोंसकल्याशिवाय खालची भोंसकली जाणें शक्य नाहीं. कोलीत गरगर फिरविलें म्हणजे आगीचें अखंड कडें दिसतें; कोलीत मात्र प्रत्येक क्षणीं एकाच ठिकाणीं असतें. नैयायिकांनींही दोन ज्ञानें एकदम होत नाहींत ह्याच गोष्टीवरून मन अणुरूप असल्याचें अनुमान केलें, आणि शष्कुली नांवाचा कुरकुरीत पदार्थ खातांना रूप, रस, गंध, स्पर्श व शब्द हे पांचही एकदम जाणवल्यासारखे वाटतात, हें उदाहरण घेऊन तो भास असल्याचें ते सांगत राहिले.

जिनभद्रांची खरी सूक्ष्मता ह्यापुढें दिसते. अनेक वस्तु एकदम कळतच नाहींत असें त्यांनीं म्हटलें नाहीं. सैन्याचा तळ पाहतांना हत्ती, घोडे, रथ, तंबू हें सगळें मिळून 'तळ' असें एक सामान्य ज्ञान होतें. त्यांत पुष्कळ वस्तु येतात, पण उपयोग एकच असतो. हत्तींची गणती करावयाची तर तळ सुटतो. ह्या न्यायानें गंगाला नदींत एक सरमिसळ अस्वस्थता एका क्षणीं जाणवणें अशक्य नव्हतें. 'हें थंड' व 'हें उष्ण' असे दोन स्पष्ट निर्णय मात्र त्याच क्षणीं होणें अशक्य. वादाला हा जो बारीक सांधा मिळाला तो मिळाला गंगाच्या हट्टामुळें, हें विसरतां येत नाहीं. परंपरा त्याला निह्नव म्हणते. परंतु त्यानें केलें तें एवढेंच कीं स्वतःला जें जाणवलें तें पोथींतल्या वचनाखालीं दडपलें नाहीं. त्यानें मत सोडलें नाहीं, म्हणून त्याला संघाबाहेर काढण्यांत आलें. पुढें राजगृहीं मणिनाग नांवाच्या नागानें त्याला धाक घातला, महावीरांनीं ह्याच स्थळीं एका वेळीं एकच क्रिया सांगितल्याचें बजावलें, आणि गंगानें माघार घेतली, असा कथेचा शेवट आहे. कथेचा हा भाग सर्वांत दुबळा. पाकळ्या व कोलीत ह्यांनीं जें सिद्ध होत नव्हतें तें नागाच्या फुत्कारानें सिद्ध झालें असें कोण म्हणेल?

ह्यानंतर पुष्कळ शतकांनीं इंग्लंडांत अगदीं असाच एक माणूस बाहेर काढला गेला, आणि तोही ह्याच प्रश्नावर, जरी तेव्हां तें कोणाला कळलें नव्हतें. ग्रीनिचच्या वेधशाळेंत राजज्योतिषी मॅस्केलिन ह्यांच्या हाताखालीं किनेब्रुक नांवाचा साहाय्यक होता. दुर्बिणींत ताणलेल्या बारीक धाग्यापलीकडे तारा केव्हां जातो, ती वेळ टिपणें हें काम. डोळे ताऱ्यावर ठेवावयाचे, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे, आणि दोन ठोक्यांमधला सेकंदाचा दहावा भाग अंदाजानें लिहावयाचा. १७९५ सालीं किनेब्रुकच्या नोंदी धन्याच्या नोंदींहून उशिराच्या येऊं लागल्या; १७९६ च्या आरंभीं हा फरक ०.८ सेकंदापर्यंत गेला. ताकीद देऊनही सुधारणा होईना, तेव्हां मॅस्केलिन ह्यांनीं त्याला कामावरून दूर केलें. पुढें कोनिग्सबर्गचे ज्योतिषी बेसेल ह्यांनीं ह्या प्रकरणाची चौकशी करून निरनिराळ्या नामांकित निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि असा फरक दोघां निष्णात माणसांतही पडतो असें दाखविलें. किनेब्रुक आळशी नव्हता. डोळ्यांचा विषय व कानांचा विषय एकाच क्षणीं घेणें कोणालाच साधत नाहीं. कोणी आधीं तारा घेतो, कोणी आधीं ठोका. बेचक्यांत सांपडलेल्या त्या साहाय्यकापर्यंत मात्र हा न्याय वेळेंत पोंचला नाहीं. त्याच प्रश्नानें विल्हेल्म वुंट ह्यांनाही पछाडलें. हलता कांटा व घंटेचा नाद एकदम टिपतां येतात काय हें त्यांनीं १८६१ च्या सुमारास तपासलें, आणि १८७९ सालीं लाइप्झिग येथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापिली. अर्वाचीन मानसशास्त्राचा उगम पाहूं गेल्यास त्याचा एक झरा असा एका नोकराच्या बडतर्फींत सांपडतो.

विसाव्या शतकांतील प्रयोगांनीं पुष्कळ अंशीं धनगुप्तांची बाजू उचलली. एका खुणेला उत्तर देऊन होतें न होतें तोंच दुसरी खूण आली तर दुसऱ्या उत्तराला विलंब लागतो, हें टेलफर्ड ह्यांनीं १९३१ सालीं दाखविलें. अक्षरें पडद्यावर भराभर दाखवीत गेल्यास, हेरलेल्या एका अक्षरानंतर सुमारें अर्ध्या सेकंदाच्या आंत आलेलें दुसरें हेरावयाचें अक्षर बहुधा निसटतें, हें १९९२ सालीं पुढें आलें; अवधानाची जणू पापणी लवते. तरीही गंगाचा पक्ष सर्वस्वीं हरला असें म्हणवत नाहीं. जात्यावर बसलेली बाई दळतां दळतां ओवी रचीत असे, त्या वेळीं तिचें मन खुंटा व ओवी ह्यांच्यामध्यें सारखें धांवत होतें, कीं सरावानें हात आपोआप चालत असल्यामुळें त्याला धांवावेंच लागत नव्हतें? आजचे शास्त्रज्ञ बहुधा दुसरें उत्तर देतात. सरावलेल्या कामाला अवधानाचा वांटा फारच थोडा लागतो, असें ते म्हणतात. अजिबात लागत नाहीं काय, ह्यावर त्यांच्यांतही एकमत नाहीं.

उपयोग असा चंचल, तर तो एका ठिकाणीं किती वेळ राहील? तत्त्वार्थसूत्रानें ध्यानाची व्याख्या करतांना त्याची मुदतही सांगून टाकली आहे. निरनिराळ्या विषयांच्या आधारानें चिंतन हेलकावे खात असतें. तें इतर सर्व विषयांकडून परतवून एकाच विषयावर रोखून धरणें म्हणजे ध्यान, आणि तें उत्तम शरीरबळाच्या माणसालाही अंतर्मुहूर्तापर्यंतच साधतें. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, ४८ मिनिटें. अंतर्मुहूर्त त्याहून कांहीं कमी. लग्नघरीं पाण्यांत सोडलेलें घटिकापात्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना ह्या मापाची कल्पना येईल. तें वाटीएवढें पात्र भरून दोनदां बुडेपर्यंतचा हा काळ, आणि जैन गृहस्थाच्या सामायिकाचा म्हणजे समभावानें बसण्याच्या नेमाचा काळही दोन घटिकांचाच. ध्यानाची थोरवी गाणाऱ्या परंपरेनें त्याची मर्यादा इतक्या रोखठोकपणें लिहून ठेवावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. इंग्लंडांत मॅकवर्थ ह्यांनीं १९४८ सालीं, रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्या सैनिकांच्या चुका डोळ्यांपुढें ठेवून, एका घड्याळासारख्या तबकडीवरील कांट्याच्या क्वचित् पडणाऱ्या दुहेरी उड्या माणसांना टिपावयास लावल्या. पहिला अर्धा तास सरतांच चुका वाढल्याचें दिसलें. मुनीचें ध्यान आणि सैनिकाचा पहारा एक नव्हे, आणि दोन आंकडे जवळ आले म्हणून प्राचीनांना सारें ठाऊक होतें अशी फुशारकी मारणें उतावीळपणाचें होईल. दोघांनीं माणूसच पाहिला होता, एवढें खरें.

ह्याच प्रकरणांत एक गोष्ट अशी आहे कीं ती वाचून पुष्कळ भाविक दचकतील. ध्यान चार प्रकारचें सांगितलें आहे, आणि त्यांतले पहिले दोन प्रकार वाईट आहेत. गमावलेल्या प्रिय वस्तूचा ध्यास, नकोशा गोष्टीपासून सुटण्याची तळमळ, दुखण्यावरच खिळलेलें मन, पुढच्या सुखाची हांव, हें आर्तध्यान. हिंसा, असत्य, चोरी व धनाची राखण ह्यांत रंगलेलें मन म्हणजे रौद्रध्यान. तिजोरीभोंवतीं रात्रभर जागणारा सावकार व ती फोडूं पाहणारा चोर हे दोघेही एकाग्रच. एकाग्रता हा गुण आहे अशी सरसकट समजूत ह्या शास्त्रकारांची नव्हती. चित्त जेथें खिळतें त्याच रंगाचें जग माणसाला दिसूं लागतें, म्हणून कोठें खिळूं द्यावें ह्याचीच त्यांना काळजी होती.

बाहुबलीच्या कथेची धार येथें कळते. ऋषभदेवांचे हे पुत्र व भरत चक्रवर्तीचे बंधु. राज्यासाठीं दोघां भावांत झुंज ठरली. जिनसेनांच्या नवव्या शतकांतील आदिपुराणांत दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध अशा तीन झुंजी आहेत. दृष्टियुद्ध म्हणजे पापणी न लववितां एकमेकांकडे पाहत राहणें. बाहुबली तिन्ही जिंकले आणि जिंकलेलें राज्य टाकून वनांत एक वर्ष उभे राहिले. वेली चढल्या त्या ह्या वर्षांत. देहाची शुद्ध गेली, भूक गेली, साप-वेलींची जाणीव गेली. तरी केवलज्ञान होईना. एक कण मनांत उरला होता. जिनसेनांच्या मतें तो कण असा: आपल्यामुळें भरताला क्लेश झाले. भरतानें येऊन पूजा केली तेव्हां तो विरला. हेमचंद्रांच्या बाराव्या शतकांतील कथेंत तो कण अहंकाराचा आहे: आधीं दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसें करावें? ब्राह्मी व सुंदरी ह्या बहिणींनीं येऊन, हत्तीवरून उतरा, असें सुचविलें. उभ्या असलेल्या मुनीला हत्ती कोणता तें उमगलें आणि बंधन सुटलें. एका कथेंत करुणा आड येते, दुसरींत मान. परंतु दोहोंतही मनाचें निरीक्षण सारखेंच आहे. वेलीपासून लक्ष काढून घेणें बाहुबलींना साधलें. ज्याच्यावर आपलें लक्ष आहे हेंच ठाऊक नव्हतें, त्यापासून तें काढणें साधलें नाहीं. दोन्ही कथांत तें दाखविण्यासाठीं दुसरें माणूस यावें लागलें.

चपळ उपयोगाला शिस्त लावून त्याचे खेळ करणारेही ह्या देशांत होते. अवधानी म्हणून ओळखले जाणारे हे लोक सभेंत अनेक प्रश्नकर्त्यांना सामोरे जात. कोणी सोंगट्या मांडतो, कोणी घंटेचे ठोके देतो, कोणी परभाषेंतील वाक्याचे शब्द उलटसुलट क्रमानें सांगतो. अवधानी सर्वांना शेवटीं यथाक्रम उत्तर देतो. श्रीमद् राजचंद्र ह्यांनीं १८८७ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, मुंबईंत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें शंभर अवधानांचा प्रयोग केला. १८९१ सालीं विलायतेहून परतलेल्या गांधींनीं आपल्याला येणारे युरोपीय भाषांतले शब्द त्यांच्यापुढें रिते केले व ते सर्व क्रमानें परत ऐकले. हा प्रयोग गंगाच्या मताला पुरावा वाटेल; तसा तो नाहीं. अवधानी शंभर गोष्टी एकदम घेत नाहीं. प्रत्येकीचा एक तुकडा घेतो, ठेवतो, दुसरीकडे वळतो, आणि परतल्यावर जेथें सोडलें तेथूनच उचलतो. तेंही कोलीतच, फिरविणारा हात मात्र असामान्य. राजचंद्रांनीं हे प्रयोग लौकरच सोडून दिले. आत्मचिंतनाच्या वाटेवर ते अडसर आहेत असें त्यांना वाटलें.

आतां उरला तो वादाचा सर्वांत उंच टप्पा. सामान्य माणसाचा उपयोग एका वेळीं एकच, हें ठरलें. पण असें कां? जैन उत्तर असें कीं, जीवावर कर्माचीं आवरणें आहेत म्हणून. खिडकी अरुंद असल्यामुळें मान वळवावी लागते. मग ज्याचीं आवरणें सर्वस्वीं गळून पडलीं त्या केवलीला लक्ष द्यावें लागतें काय? त्याचें सामान्य दर्शन व विशेष ज्ञान हीं पाळीपाळीनें होतात कीं एकदम? आगमवचनाला धरून जिनभद्रांनीं उत्तर दिलें: क्रमानेंच. दिगंबरांनीं हें नाकारलें. कुंदकुंदाचार्यांनीं नियमसारांत सूर्याचा दृष्टान्त दिला. त्याचा प्रकाश व त्याचा ताप एकाच वेळीं असतात, तसें केवलीचें ज्ञान व दर्शन. सिद्धसेन दिवाकरांनीं सन्मतिसूत्रांत तिसरीच वाट काढली. त्यांच्या मतें केवलीच्या ठायीं हीं दोन नाहींतच. जें ज्ञान तेंच दर्शन, मग आधीं कोणतें व नंतर कोणतें हा प्रश्नच उरत नाहीं. तिन्ही पक्षांत एक गोष्ट गृहीत आहे, आणि ती आजच्या विज्ञानाच्या फार जवळची आहे. लक्ष देणें ही मनाची श्रीमंती नसून त्याच्या टंचाईची खूण आहे. इंग्लंडांत ब्रॉडबेंट ह्यांनीं १९५८ सालीं हेंच निराळ्या भाषेंत मांडलें: मनाचा मार्ग चिंचोळा आहे, म्हणून त्याच्या तोंडाशीं गाळणी लागते. गाळणी नसलेलें मन कसें असेल, हा प्रश्न ब्रॉडबेंट ह्यांना पडण्याचें कारण नव्हतें. कुंदकुंदांना व सिद्धसेनांना तोच महत्त्वाचा होता.

ह्या दोघांचेही ग्रंथ आधुनिक चिकित्सेच्या कसोटीला लावून वाचकांपुढें आणण्याचें मोठें काम हातकणंगल्याच्या शेजारींच, कोल्हापुरांत झालें. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे सदलग्याचे; १९३० पासून १९६२ पर्यंत राजाराम कॉलेजांत ते अर्धमागधीचे प्राध्यापक होते. केवलीच्या ज्ञानाला पायऱ्या नसतात, अवग्रह-ईहा ह्या क्रमानें तें जात नाहीं, असें ज्यांत कुंदकुंदांनीं सांगितलें त्या प्रवचनसाराची त्यांची आवृत्ति प्रदीर्घ प्रस्तावनेसह १९३५ सालीं निघाली. ती मुंबईच्या ज्या ग्रंथमालेंत निघाली तिचें नांव रायचंद्र जैन शास्त्रमाला. शंभर अवधानें करून तीं सोडून देणाऱ्या राजचंद्रांच्याच स्मरणार्थ चाललेली. सिद्धसेनांचा न्यायावतार व इतर कृति त्यांनीं १९७१ सालीं संपादून प्रसिद्ध केल्या, आणि १९७५ सालीं कोल्हापुरांतच त्यांचें निधन झालें. ज्यांचा वाद शतकानुशतकें मिटला नाहीं त्या दोघां आचार्यांना त्यांनीं सारख्याच काळजीनें हाताळलें. एकेका पाठाकडे, एका वेळीं एक.